आपल्या वाट्याचे कागद

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही गोष्ट देहूच्या पंचक्रोशीत कोणाला सांगावी लागत नाही. रिक्षावाल्यापासून इन्स्टाच्या रीलपर्यंत सगळीकडे ती आहे. पण त्याच्या बऱ्याच आधी त्याच नदीत दुसरे काही कागद बुडाले होते. त्यांची गोष्ट त्या मानानं कमी सांगितली जाते.

तुकोबांचं घर वाण्याचं, महाजनकीचं. दुकान होतं, सावकारी होती. १६३०च्या सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. घरात उरली होती ती लोकांनी लिहून दिलेली खतं. खत म्हणजे कर्जाचा कागद. अमक्यानं इतके घेतले, इतके देणं लागतो. परंपरेनं चालत आलेल्या चरित्रात असं आहे की तुकोबांनी या खतांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकट्या भावाला, कान्होबाला दिला. दुसरा, म्हणजे स्वतःचा, इंद्रायणीत सोडून दिला.

मी देव मानत नाही. त्यामुळे वह्या तरल्या की नाही, या वादात मला फारसा रस नाही. खतांची गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही, आणि तीही 'अर्धी' या एका शब्दामुळे. सगळी का नाही बुडवली? एवढा विरक्त झालेला माणूस, समोर उपाशी कुळं, हातात कागद. पण भावाचं येणं भावाचं होतं. ते माफ करणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणं. त्यांनी आधी वाटणी केली, आपलं काय आहे ते नीट मोजलं, आणि मग तेवढंच सोडलं.

अजून एक गंमत आहे. वह्या वर आल्या, असं सगळे सांगतात. खतं वर आली, असं कोणीच सांगत नाही.

*

देव नसेल तर माफी कोण देणार, हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या पप्पांमुळे पडला.

पप्पा लातूरकडून भोसरीला आले ते १९९०च्या दशकात. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कामाला लागले. पत्रा डायवर ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून रॅम येतो, पत्र्याला आकार देतो. दोन बटणं असण्याचं कारण इतकंच, की दोन्ही हात बटणावर असताना एकही हात डायमध्ये असू शकत नाही. साधी, सुंदर युक्ती. २००४ साली त्यांच्या प्रेसच्या एका बटणात लाकडी पाचर मारलेली होती. बटण कायमचं दाबलेलं. म्हणजे एक हात मोकळा, पत्रा सरकवायला. त्यानं तासाला माल जास्त निघतो. त्या रात्रपाळीत उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

पाचर सुपरवायझरनं मारली होती. पप्पांनी त्याला माफ केलं. नुसतं म्हणण्यापुरतं नाही, खरोखर. तो माणूस नंतर आमच्या घरी यायचा, त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. पप्पा माळकरी आहेत. तुकोबांची पालखी देहूहून निघून पहिल्या मुक्कामाला आकुर्डीत येते, तेव्हा दरवर्षी तिथे उभे असतात. तीन बोटांच्या त्या हाताने ते टाळ कसा धरतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

इंजिनिअरिंगला असताना एकदा मी त्यांना चिडून विचारलं, "तुम्ही त्याला असं सोडूनच कसं दिलं?"

"मी माझं सोडलं," ते म्हणाले. "वरचं विठ्ठल बघंल."

"आणि विठ्ठल नसेलच तर?"

पप्पा हसले. "मग तू कुणावर चिडतोस एवढा?"

याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. पण ते वाक्य मी नीट ऐकलं. त्यात दोन भाग होते. 'मी माझं सोडलं' हा एक, आणि 'वरचं' हा दुसरा. श्रद्धाळू माणसाची सोय अशी असते की आपल्या वाट्याचं सोडल्यावर जे उरतं ते ठेवायला जागा असते. चित्रगुप्ताची वही आहे, कर्मविपाक आहे, पुढचा जन्म आहे. हिशेब कुठेतरी चालू आहे, हा दिलासा आहे. ज्याला देव नाही त्याच्याकडे ही जागाच नाही. उरलेलं इथेच, जमिनीवर पडून राहतं. ते कोणीतरी उचलायला लागतं.

*

दोस्तोयेव्हस्कीच्या 'ब्रदर्स करमाझोव्ह' या १८८० सालच्या कादंबरीत इव्हान नावाचा भाऊ हाच प्रश्न वेगळ्या बाजूने विचारतो. एका जमीनदारानं लहान मुलाला त्याच्या आईसमोर कुत्र्यांकडून फाडवलेलं असतं. इव्हानचं म्हणणं असं, की आईनं स्वतःच्या दुःखापुरतं त्याला माफ करावं हवं तर. पण मुलाच्या यातनांची माफी द्यायचा अधिकार तिला नाही. आणि पुढे कधी सगळ्या सृष्टीचा गोड शेवट होणार असेल, तरी तो शेवट त्या माफीवर उभा राहू नये. त्या कादंबरीचा लेखक कडवा आस्तिक होता, तरी त्यानं हा युक्तिवाद इतका पक्का लिहिलाय की आजही त्याला सहज उत्तर देता येत नाही.

मला यात देहूची वाटणी दिसते. आईनं आपल्या वाट्याची खतं बुडवावीत. मुलाच्या वाट्याची तिच्याकडे नाहीतच.

म्हणजे पप्पांनी माफ केलं, हे पूर्ण आणि खरं आहे. त्यांच्या वतीनं राग धरून बसायचा अधिकार मला नाही. तो कागद त्यांचा होता, त्यांनी बुडवला, विषय संपला. पण त्याच प्रेसवर दुसऱ्या दिवशी जो पोरगा उभा राहिला, त्याच्या बोटांचं काय? ती पप्पांच्या वाट्यात येत नव्हती. पाचर तिथेच होती. माफी मागचं देणं फेडून टाकते. पुढच्या स्ट्रोकला काय होणार, यात ती काहीच बदलत नाही.

*

इथे भाषेतला एक शब्दप्रयोग आठवतो. 'समजून घ्या.'

हे आपण कोणाला म्हणतो ते बघा. सुनेला म्हणतात, सासूबाईंचा स्वभाव आहे, समजून घे. फ्रेशरला म्हणतात, मॅनेजरवर प्रेशर आहे, समजून घे. अपघातानंतर वर्कशॉपचा मालक पेढे आणि हॉस्पिटलच्या बिलाचे पैसे घेऊन आमच्या खोलीवर आला होता. आई सांगते, तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "धंद्याची परिस्थिती समजून घ्या, केसबिस नको." परिस्थिती खरंच वाईट असेलही. पण समजून घेण्याचं काम नेहमी कमी ताकदीच्या माणसाकडे येतं. तो आयुष्यभर वरच्याचा मूड, टार्गेट, अडचण, चेहरा वाचत असतो. त्याची मात्र कोणी फाईल उघडत नाही.

म्हणून समजून घेणं हा आपोआप चांगला गुण आहे, असं मला वाटत नाही. ते कोणत्या दिशेनं वाहतं, यावर ते ठरतं. खतांच्या गोष्टीत ती दिशा उलटी आहे. सावकारानं कुळाला समजून घेतलं. ज्याच्या हातात कागद होता, त्यानं हात उघडला. दया या शब्दाला तिथेच अर्थ येतो. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याकडून जी मागितली जाते ती दया नसते, ती गप्प बसण्याची विनंती असते.

आणि खरं सांगायचं तर त्या गोष्टीतही एक माणूस कमी समजून घेतला गेलाय. तुकोबांची दुसरी बायको जिजाई, जिला सगळे आवली म्हणतात. कीर्तनात ती कजाग म्हणून येते, लोक हसतात. पण खतं बुडाली तेव्हा घरातलं पीठ किती दिवस पुरणार, हा हिशेब तिच्याकडे होता. तुकोबांनी कान्होबाचा वाटा वेगळा काढला. आवलीचा काढला होता का? हा प्रश्न विचारल्याने तुकोबा लहान होत नाहीत. 'आपला वाटा' मोजणं किती अवघड असतं, एवढंच त्यातून कळतं. आपल्या उदारपणाचं बिल अनेकदा घरातलं दुसरंच कोणीतरी भरत असतं.

*

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ऑटो कंपन्यांत आणि त्यांना माल पुरवणाऱ्या शेकडो वर्कशॉपमध्ये एक पद्धत सगळ्यांना माहीत आहे. 'फाइव्ह व्हाय.' टोयोटाच्या कारखान्यांतून ती जगभर गेली. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये आमच्याकडे तिचीच बहीण आहे, 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम'. सर्व्हर पडला तर कोणी पाडला हे शोधायचं नाही, एका माणसाच्या हातून तो पडू कसा शकला हे शोधायचं.

ही पद्धत पप्पांच्या बोटांना लावून बघू. बोटं का गेली? हात डायमध्ये होता. का? एका बटणात पाचर होती. का? दोन्ही हात बटणांवर ठेवले तर टार्गेट होत नव्हतं. टार्गेट तेवढं का? त्या दरात तेवढाच माल काढला तरच परवडत होतं. दर तसा का? वरची कंपनी दरवर्षी दर थोडा कमी करून मागते, आणि तिलाही गाडी स्वस्त विकायची असते.

प्रत्यक्षात अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. म्हणजे शून्य वेळा 'का'.

पण पाचव्या 'का'पर्यंत गेलं की दुसरा धोका उभा राहतो. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी आहे, त्याच्या मागे बाजार आहे, बाजाराच्या मागे आपण सगळे. मग दोषी कोणीच नाही. सगळं समजलं की सगळं माफ, असं एक गोड तत्त्वज्ञान त्यातून तयार होतं. मला ते पटत नाही. कारणांची साखळी लांब आहे, याचा अर्थ प्रत्येक कडीचा वाटा शून्य आहे असा होत नाही. पाचर मारायचा हात सुपरवायझरचा होता. ती दिसत असून न काढणं मालकाचं होतं. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आडोसा असलाच पाहिजे असं लिहिलं होतं, आणि ते कोणी तपासलं नाही, तर तो वाटा तपासणाऱ्याचा. दर ठरवणारा त्याच्या वाट्याचा धनी. समजून घेतल्यानं वाटा माफ होत नाही. तो नेमका किती आहे, हे कळतं. न समजता शिक्षा केली तर सगळं ओझं एकाच्या डोक्यावर जातं, बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या. न समजता माफ केलं तर पाचर तशीच राहते.

कायद्यानं हे मोजायचा प्रयत्न केला आहे. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा तक्ताच होता. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी, मधलं बोट गेलं तर १२ टक्के, अंगठा गेला तर ३०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शिसारी आली. नंतर मत बदललं. हा तक्ता चित्रगुप्तानं नाही, माणसांनी बसून बनवलाय. तो ओबडधोबड आहे, बोटानं टाळ वाजवायचा होता की नाही हे त्याला माहीत नाही. पण तो निदान असं म्हणतो, की हे बोट कोणाचं तरी होतं आणि त्याचं काहीतरी देणं लागतं. जिथे वरचा हिशेब नाही, तिथे माणसांना असे ओबडधोबड हिशेब ठेवावेच लागतात.

*

आपल्याकडे देवाशिवाय जगून दाखवलेल्या माणसांत गोपाळ गणेश आगरकर मला जवळचे वाटतात. परलोकातल्या बक्षिसाची आशा न धरता त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढला, लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि १७ जून १८९५ला, चाळिशीही न गाठता, दम्यानं पोखरलेलं त्यांचं शरीर थांबलं. टिळक त्यांचे मित्र. १८८२मध्ये दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे मतं फाटली, ती पेपरांतून जाहीर भांडणापर्यंत गेली. आगरकर गेल्यावर टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला.

तो वाचायला आगरकर नव्हते.

देवाशिवाय जगण्याची खरी किंमत मला इथे दिसते. नरकाची भीती नाही म्हणून माणूस स्वैर वागेल, असं लोकांना वाटतं. आगरकरांचं आयुष्य बघितलं की ती शंका टिकत नाही. किंमत वेगळीच आहे. उशिरा आलेली कुठलीच गोष्ट पोचत नाही. वर भेटून बोलू, अशी सोय नाही. माफी द्यायची, मागायची, समजून घ्यायचं, पाचर काढायची, जे काय करायचं ते समोरचा जिवंत असताना आणि बोटं शाबूत असताना. देव नाही म्हटल्यावर दयेची गरज कमी होत नाही, तिला फक्त डेडलाइन येते.

*

मी आता ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही कारखान्यांतल्या मशिनचा डेटा गोळा करून डॅशबोर्ड बनवतो. मशिनच्या पीएलसीकडून सिग्नल येतात. किती स्ट्रोक झाले, किती वेळ बंद होतं, का बंद होतं. नव्या प्रेसना लाइट कर्टन असतो. म्हणजे डायच्या समोर प्रकाशकिरणांचा पडदा; हात आत गेला की रॅम थांबतो. तो बंद करून ठेवला तर त्याचाही सिग्नल येतो. मी त्याचा एक कॉलम केला आहे. पडदा चालू तर हिरवा, बंद तर लाल.

चाकणच्या एका वर्कशॉपमधल्या प्रॉडक्शनच्या माणसाचा मला फोन आला. "सर, तो कॉलम मेन स्क्रीनवरनं काढा ना. ऑडिटला उगाच प्रश्न येतात."

मी त्यांना जाऊन भेटलो. टपरीवर चहा घेतला. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे असतील. मोशीला घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. माल उशिरा गेला आणि वरच्या कंपनीची लाइन थांबली तर डेबिट नोट येते आणि ती त्यांच्या नावावर जमा धरली जाते. पडदा धुळीनं अधूनमधून खोटाच ट्रिप होतो, मेंटेनन्सला माणूस नाही, मग पोरं तो बंद करतात, आणि हे बघून न बघितल्यासारखं करतात. ते काही राक्षस नाहीत. त्या सुपरवायझरचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण तोही बहुतेक असाच असणार.

"समजलं," मी म्हटलं. "पण कॉलम राहू दे. पडदा खोटा ट्रिप होतो, त्याचं कारण शोधून देतो. डेटा आहे माझ्याकडे."

त्यांना ते आवडलं नाही. माझ्या साहेबांकडे तक्रार गेली. उद्या आमच्या कंपनीनं ठरवलं तर तो कॉलम जाईलही. ते माझ्या हातात नाही. माझ्या वाट्याला आलेला कागद एवढाच आहे. तो मी नदीत सोडू शकत नाही, कारण त्यावर ज्याचं येणं आहे तो तिसऱ्या शिफ्टमधला कोणी पोरगा आहे आणि मी त्याला ओळखतही नाही.

धुळीचं कारण सापडलं. ब्लोअरचं तोंड पडद्याकडे होतं. ते फिरवल्यावर खोटे ट्रिप बरेच कमी झाले. तरी गेल्या मंगळवारी रात्री तो कॉलम चाळीस मिनिटं लाल होता. मी सकाळी फोन केला. "बघतो," म्हणाले. या मंगळवारीही मी बघणार आहे, आणि लाल असेल तर पुन्हा फोन करणार आहे.